मीटिओर मिगपुढे टिकत नव्हतं, तरी ७७ स्क्वाड्रन तेच का उडवत राहिली?

नेपियनकाठ

नमस्कार मंडळी. मी सिडनीजवळ राहतो, लष्करी पार्श्वभूमी नाही, विमानांचं वेड मात्र लहानपणापासून आहे. काही वर्षांपूर्वी आई-बाबा इकडे आले होते, तेव्हा त्यांना कॅनबेराच्या युद्धस्मारकात घेऊन गेलो होतो. तिथे कोरियन युद्धातली दोन विमानं पाहिली. एक ऑस्ट्रेलियन हवाई दलाचं मीटिओर: सरळ पंख, दोन्ही पंखांत एकेक जाडजूड इंजिन. दुसरं शत्रूकडचं, सोव्हिएत बनावटीचं मिग-१५: आखूड, नाकाच्या जागी नुसतं भोक, पंख मागे झुकलेले. बाबा दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले आणि म्हणाले, "यांची लढाई झाली असेल तर ती बरोबरीची नव्हती."

तेव्हापासून मिळेल ते वाचतोय. ऑस्ट्रेलियन हवाई दलाची ७७ स्क्वाड्रन जुलै १९५० मध्ये मस्टँग घेऊन कोरियाच्या युद्धात उतरली. पंख्याची विमानं, दुसऱ्या महायुद्धातली. १९५१ मध्ये तिला मीटिओर मिळालं आणि जुलैअखेर ती सोलजवळच्या किंपोच्या तळावरून जेट उडवायला लागली. २९ ऑगस्टला आठ मीटिओरवर तीसेक मिग तुटून पडले, एक मीटिओर गेलं. १ डिसेंबरला उत्तर कोरियातल्या सुंचोनच्या आकाशात बारा मीटिओरना पन्नासच्या आसपास मिग भिडले. तीन मीटिओर परतली नाहीत. एक वैमानिक मारला गेला, दोघे कैदेत पडले.

म्हणजे चार-पाच महिन्यांत उत्तर मिळालं होतं. पण युद्ध जुलै १९५३ पर्यंत चाललं आणि स्क्वाड्रन शेवटपर्यंत मीटिओरवरच राहिली. त्याच किंपोच्या धावपट्टीवरून शेजारी अमेरिकन सेबर जेट उडत होती. मग यांना सेबर का दिली नाहीत? आणि जे विमान लढाऊ म्हणून हरलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात रोज सकाळी बसायचं, हे त्या लोकांनी कसं केलं? इथे कुणी हवाई दलात काम केलेलं असेल तर मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. पुस्तकांत आकडे भेटतात, हे भेटत नाही.

जुने_नकाशे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: सेबर शिल्लकच नव्हती. नोव्हेंबर १९५० मध्ये यालू नदीवर मिग-१५ दिसलं आणि अमेरिकेची स्वतःचीच धावपळ झाली. चौथी फायटर विंग सेबर घेऊन डिसेंबरात कोरियात पोचली, १७ तारखेला ब्रूस हिंटन यांनी सेबरवरून पहिलं मिग पाडलं. कारखान्यातून निघणारं जवळजवळ प्रत्येक सेबर अमेरिकन दलांनाच हवं होतं. ऑस्ट्रेलियाला लगेच मिळू शकत होतं ते ब्रिटनचं मीटिओर. ७७ ला सेबर मिळालं, पण ते १९५६ मध्ये, घरी परतल्यावर.

भूगोलही लक्षात घ्या. मिगचा मुख्य तळ आंतुंगला, यालूच्या पलीकडच्या काठावर, चीनच्या हद्दीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वैमानिकांना नदी ओलांडायची परवानगी नव्हती. मिग आपल्याच हद्दीत उंची गाठायचे, साधारण पन्नास हजार फुटांपर्यंत, आणि वरून झेपावायचे. किंपोहून निघालेल्याला तीनशेहून जास्त किलोमीटर जाऊन, मोजक्या मिनिटांपुरतं इंधन उरलेलं असताना लढायचं. मिगमध्ये बसलेले बरेच जण सोव्हिएत हवाई दलाचे होते. महायुद्ध लढलेली माणसं, चिनी गणवेशात. सोव्हिएत संघाने हे कित्येक वर्षं कबूल केलं नाही. त्यांच्या एका डिव्हिजनचा प्रमुख होता इव्हान कोझेदुब, महायुद्धात बासष्ट विमानं पाडलेला. त्याला स्वतःला कोरियात लढाईवर जायची मनाई होती, पण शिकवणारा तो होता.

पाडलेल्या विमानांच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. सेबरने एकास दहा मिग पाडले असं अमेरिकेत वर्षानुवर्षं छापलं गेलं. दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर ते प्रमाण खूप खाली आलं. १ डिसेंबरच्या लढाईचे दोन्ही बाजूंचे दावेही जुळत नाहीत.

फिटर_कराड

नेपियनकाठ, तुमचा प्रश्न चार दिवसांपूर्वीच वाचला होता. मला टंकायला वेळ लागतो, नात मदत करते, म्हणून उशीर.

मी १९६० साली सतराव्या वर्षी वायुसेनेत भरती झालो. जलाहळ्ळीला ट्रेनिंग, ट्रेड इंजिन फिटर. पुढची बरीच वर्षं व्हॅम्पायर या लढाऊ जेटच्या पोटाखाली गेली. पोटाखाली हे शब्दशः घ्या, कारण ते विमान इतकं बुटकं की उकिडवं बसल्याशिवाय काम व्हायचं नाही. मागून निघणारा झोत जमिनीला इतका लागून असायचा की गवतावर विमान उभं करून इंजिन चालवलं तर गवत करपायचं. पुढचा भाग, ज्यात वैमानिक बसतो, तो लाकडी. प्लायवूड आणि बाल्सा. नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगितलं की हे लाकूड आहे, तर ती बोटाच्या पेराने वाजवून बघायची.

मीटिओरवर मी काम केलेलं नाही. पण त्याचं इंजिन मला परकं नाही. तुमच्या बाबांनी दोन्ही विमानं बाहेरून पाहिली. झाकणं उघडून आत पाहता आलं असतं तर त्यांना भावंडं दिसली असती. मीटिओरमध्ये रोल्स-रॉईसचं डरवेंट. मिगमध्ये जे इंजिन होतं त्याचा बाप रोल्स-रॉईसचं नीन. १९४६-४७ मध्ये ब्रिटनने नीन आणि डरवेंट दोन्ही सोव्हिएत संघाला विकली, आणि त्यांनी ती पाहून स्वतःची बनवली. मीटिओरचं डरवेंट हे मुळात नीनचंच आकाराने लहान केलेलं रूप. दोन्हींत हवा दाबणारं चाक मधोमध, दोन्ही बाजूंनी पाती असलेलं, आणि भोवती ज्वलनाचे नऊ डबे. आमच्या व्हॅम्पायरचं गॉब्लिन दुसऱ्या कंपनीचं, त्याला डबे सोळा आणि चाकाला पाती एकाच बाजूला, पण घराणं तेच: हवा मधून घ्यायची, चाकाने बाहेर फेकायची. सेबरचं इंजिन वेगळं. त्यात एकामागे एक पात्यांच्या रांगा आणि हवा सरळ आरपार जाते. आजची जेट इंजिनं त्या वाटेने पुढे गेली.

म्हणजे १ डिसेंबरला सुंचोनवर ब्रिटिश इंजिनाची दोन पोरं एकमेकांवर गोळ्या झाडत होती. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. आम्ही इंजिनाला हात लावून वाढलेली माणसं, आम्हाला त्याच्यात शत्रू-मित्र दिसत नाही.

मग फरक कशात? पंखांत आणि वजनात. भरलेलं मीटिओर सात टनांच्या घरात, मिग पाच. आणि आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की सरळ पंखावरची हवा बिघडते. पस्तीस हजार फुटांवर मीटिओरने ध्वनिवेगाच्या आठ दशांशाच्या पुढे जायचा प्रयत्न केला की ते थरथरायला लागायचं, दांडा जड व्हायचा, वैमानिकाचं सगळं लक्ष विमान सांभाळण्यात जायचं. मिगचे पंख पस्तीस अंश मागे. ज्या वेगात मीटिओरचे हातपाय गळतात, त्या वेगात मिग निवांत. यात मीटिओरच्या वैमानिकाची काही चूक नाही, फिटरचीही नाही.

पण खाली या. दहा हजार फुटांच्या आत मीटिओर चांगलं वळायचं, चढायचंही जोरात. जपानमध्ये इवाकुनीला सेबरशी तुलना करून पाहिली तेव्हा हेच दिसलं होतं. दोन इंजिनं होती, एकाला मार लागला तर दुसऱ्यावर घरी यायची आशा. नाकात चार वीस मिलिमीटरच्या तोफा. हे सगळं डिसेंबरात रॉन सुसान्स यांनी स्क्वाड्रन हातात घेतली तेव्हाही तेवढंच होतं. त्यांनी विमान बदललं नाही, काम बदललं. १९५२ च्या जानेवारीपासून मीटिओरच्या पंखांखाली रॉकेटं लागली आणि ती रस्ते, रेल्वे, ट्रकांच्या रांगा, दारूगोळ्याचे साठे यांच्यावर जायला लागली. मी सांगतो तुम्हाला, स्क्वाड्रनला विमान निवडता येत नाही. हँगरात जे उभं आहे त्याने कुठलं काम होईल, एवढंच तिच्या हातात असतं.

आता "कसं केलं" याबद्दल. रोज सकाळी काय होतं ते सांगतो, कारण ते कोरियात आणि आमच्याकडे फार वेगळं नसणार. अंधारात विमानं बाहेर काढायची. आम्ही झाकणं उघडून तेल, गळती, पाती बघायची, घासलेट भरून घ्यायचं. आर्मरर लोक रॉकेटं लावायचे. साठ पौंडी टोकाची तीन इंची रॉकेटं मीटिओरला होती, आमच्या व्हॅम्पायरलाही तीच. रॉकेटच्या शेपटीतून एक वायर निघते, तिला पिगटेल म्हणायचे. ती अगदी शेवटी जोडायची, कारण जोडल्यावर चुकून करंट गेला तर समोर उभा असलेला माणूस राहत नाही. मग फॉर्म ७००. त्यात प्रत्येक ट्रेडच्या माणसाने आपल्या कामासमोर सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की वैमानिक वाचतो, त्यांच्याखाली आपली सही करतो आणि शिडी चढतो. त्या सहीने विमान आमच्याकडून त्याच्याकडे जातं.

वैमानिक सही करताना मान वर करून तुमच्याकडे बघतो. प्रत्येकजण बघतो. काही बोलत नाही. त्या क्षणी हे विमान मिगपुढे टिकतं की नाही हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात नसतो. इंजिन नीट आहे ना, एवढाच असतो. किंपोला हिवाळ्यात पारा शून्याखाली वीसच्या आसपास जायचा. मी पंजाबात जानेवारीच्या पहाटे पाना धरला आहे, बोटं सुन्न व्हायची, आणि ती थंडी त्यापुढे काहीच नाही. तिथल्या फिटरांनी दोन हिवाळे काढले. एकाचंही नाव मला माहीत नाही, पण त्यांचे हात मला डोळ्यांपुढे दिसतात.

एवढं लिहून थांबणार होतो. नात म्हणाली, आजोबा, १९६५ चं लिहा.

१ सप्टेंबर १९६५. जम्मूकडच्या छंबमध्ये पाकिस्तानचे रणगाडे आत घुसले होते. संध्याकाळी पठाणकोटहून ४५ स्क्वाड्रनची बारा व्हॅम्पायर चार-चारच्या खेपांत गेली. समोरून सेबर आली. तीच कोरियावाली जात, पाकिस्तानला अमेरिकेच्या मदतीत मिळालेली. चार व्हॅम्पायर परतली नाहीत. तीन वैमानिक गेले. त्या एकाच वैमानिकाच्या व्हॅम्पायरला बाहेर फेकणारी सीट नव्हती. मीटिओरला होती, २९ ऑगस्टला पडलेल्या मीटिओरचा वैमानिक, रॉन गथ्री, तिच्यामुळेच वाचला आणि दोन वर्षांची कैद काढून घरी गेला. छंबनंतर व्हॅम्पायरला आघाडीवरच्या कामातून मागे घेतलं.

मी त्या दिवशी पठाणकोटला नव्हतो. दुसरीकडे होतो, व्हॅम्पायरवरच. बातमी आली तेव्हा आमच्या हँगरात कुणी कुणाशी बोललं नाही. सगळे आपापल्या विमानाकडे गेले आणि आधीच केलेली तपासणी परत करायला लागले. मी गॉब्लिनचे सोळाच्या सोळा डबे परत पाहिले. त्यात काही सापडणार नव्हतं. इंजिनामुळे कुणी गेलं नव्हतं हे आम्हाला कळत होतं. पण दुसरं काय करणार? ७७ स्क्वाड्रनच्या हँगरात २ डिसेंबर १९५१ ची सकाळ अशीच गेली असेल असं मला वाटतं. तुमच्या प्रश्नाचं माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे.

मंजिरी_प

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आधी नमस्कार करते. पण मनात आलेलं बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझे आजोबा १९५३ मध्ये भारताच्या कस्टोडियन फोर्समधून कोरियाला गेले होते, युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी. आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात त्या फौजेचे प्रमुख होते. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून इंचोन बंदरातल्या जहाजावरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट दोन कोरियांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं गेलं. आजोबांनी कोरिया पहिल्यांदा पाहिला तो असा, वरून. आजी सांगायची, ते त्या देशाबद्दल फार बोलत नसत. एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगायचे, की खाली गावं होती हे जमिनीवरच्या चौकोनांवरून ओळखायला यायचं. भिंती नव्हत्या, छपरं नव्हती, नुसते जोत्यांचे चौकोन.

७७ स्क्वाड्रनच्या कामगिरीत वाहनं आणि रेल्वे इंजिनांबरोबर साडेतीन हजारांहून जास्त इमारती मोजल्या आहेत. पाडलेली मिग तीन ते पाच. इमारती साडेतीन हजार. काम बदललं असं तुम्ही लिहिलंत, त्या बदललेल्या कामाखाली कोण राहत होतं?

जुने_नकाशे

मंजिरीताईंचा मुद्दा खरा आहे. त्यात एकच जोडतो: त्या कामात वैमानिकांनीही मोठी किंमत दिली. मस्टँग आणि मीटिओर मिळून स्क्वाड्रनची जवळजवळ १९,००० उड्डाणं झाली आणि चाळीसच्या आसपास वैमानिक गेले. मिगने थोडे मारले. बहुतेक खाली झेपावताना जमिनीवरच्या तोफांनी. मस्टँगच्या काळातले त्यांचे प्रमुख लू स्पेन्स सप्टेंबर १९५० मध्ये हल्ल्यासाठी खाली उतरताना गेले.

फिटर_कराड

मंजिरी, बेटा, तू विचारलंस ते बरोबर विचारलंस. मी वाईट वाटून घेतलेलं नाही.

मी कधी विमानातून खाली मारा केला नाही. पण वैमानिकांशी बोललो आहे. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरने झेपावताना पुढचं सगळं दोन-चार सेकंदांचं असतं. खालून गोळ्या येत असतात. कौलाखाली ट्रक लपवलाय की चूल पेटलीय, हे त्यातून कळत नाही. आमच्या छंबमध्येही १ सप्टेंबरला गोंधळात आपल्याच सैन्यावर आपल्या विमानांचा मारा झाला, आणि हे आता लपलेलं नाही. स्वतःची माणसं ओळखू आली नाहीत, तिथे परक्या मुलखातलं गाव काय ओळखणार. आणि रॉकेट लावणारा, इंजिन तपासणारा, सही करणारा यातून बाजूला होऊ शकत नाही. माझी सही विमान नीट आहे यासाठी होती, असं मी तरुणपणी म्हणायचो. आता म्हणत नाही. विमान नीट असलं की ते तिथपर्यंत पोचतं. पोचल्यावर जे होतं त्यात माझा हात आहे.

त्या इमारती मी माझ्या प्रतिसादात लिहायला हव्या होत्या. मी रस्ते आणि ट्रक लिहिले, घरं लिहिली नाहीत. तुझ्या आजोबांनी ते चौकोन पाहिले हे तू इथे लिहिलंस, बरं केलंस.

नेपियनकाठ

काका, मंजिरीताई, नकाशेजी, मनापासून आभार. काकांचं सगळं लिखाण काल रात्री बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते साताऱ्याला असतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही. नीन आणि डरवेंटच्या भागापाशी त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मंजिरीताईंचा प्रतिसाद ऐकल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपण त्या मीटिओरच्या पंखांखाली पाहिलंच नाही, रॉकेटं कुठे लागतात ते.

पुढच्या सुट्टीत कॅनबेराला परत जायचं ठरवलंय. काका, तुम्हाला त्या विमानाचं काही बघायचं असेल तर सांगा, जवळून फोटो काढून पाठवतो.

फिटर_कराड

हो, दोन गोष्टी. स्मारकवाल्यांना विचारूनच पुढे जा, दोरी ओलांडू नका.

एक, पंखाखाली रॉकेटच्या खुंट्या असतील तर त्यांचा. मंजिरीसाठी.

दुसरा इंजिनाच्या झाकणाचा. डाव्या इंजिनाजवळ खाली वाका. झाकणाची कड जिथे बसते तिथे, ती रोज काढून-लावून, पान्याने आणि स्क्रू-ड्रायव्हरने घासून रंग उडालेला असतो. नवीन रंग दिला असला तरी पत्र्याची कड किंचित गोल झालेली दिसते. ती दिसली तर अगदी जवळून काढा. फोटो मोठा करून बघायला नात आहे.